शब्दाच्या पोटात शब्द

केनवड हे वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं गाव. त्याच्या नावाची अक्षरं सुटी करून पाहा : के, न, व, ड. मधली दोन उचलली तर 'नव' हाती येतं, शेवटची दोन घेतली तर 'वड'. पण 'नव' काढून घेतल्यावर उरलेल्या 'केड'ला काही अर्थ नाही, म्हणून हे कोडं अर्धंच राहतं. पुऱ्या कोड्यात तिन्ही शब्द अर्थाचे लागतात. बाहेरचा, आतला आणि दोघांचा मिळून होणारा तिसरा.

'पास'च्या पोटात 'ऊ' शिरली की 'पाऊस' होतो. 'आज'मध्ये 'वा' घातलं की 'आवाज'. तांदळाची 'कणी' घ्या, मध्ये 'हा' ठेवा, 'कहाणी' तयार. 'राडा' या शब्दात खेड्यातल्या बोलीतलं 'जवा' बसवलं की चक्क 'राजवाडा' उभा राहतो!

लहान मुलांसाठी एकेका अक्षराचा खेळ पुरतो. 'वार'मध्ये एक अक्षर घाला : वावर, वानर, वापर. 'सार'मधून साखर, सागर, सादर. 'वन'मधून वचन, वजन, वतन, वदन. बैल हाकायच्या काठीच्या टोकाला आर असते. या एवढ्याशा 'आर'मधून आकार, आधार, आहार, आजार आणि आभारही निघतात.

हे इतकं सहज का जमतं? मराठी शब्द अक्षराच्या सांध्यावर उघडतो. 'हा'मधला काना 'ह'ला चिकटलेला असतो, तो सुटा होत नाही. जोडाक्षरही फोडता येत नाही. त्यामुळे आत गेलेला शब्द आपला उच्चार बहुधा जसाच्या तसा घेऊन जातो. इंग्रजीत सुटी रोमन अक्षरं घुसवली की उच्चार अनेकदा पार बदलतो, म्हणून तिथे हे कोडं कागदावर डोळ्यांनी सोडवावं लागतं. मराठीत ते कानांनी सुटतं. पाटी-पेन्सिल नको, एसटीत खेळता येतं, वावरात निंदताना खेळता येतं. कधी शाळेत न गेलेली आजीही नातवाला हरवू शकते. मला या खेळाचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं.

कान कधी चकवाही देतो. 'मज'मध्ये 'हारा', म्हणजे मोठी टोपली, ठेवली की 'महाराज' होतं. लिहिताना बिनचूक, पण 'मज'मधला ज आणि 'महाराज'मधला ज यांचे उच्चार वेगळे. डोळे 'जुळलं' म्हणतात, कान 'नाही' म्हणतात. असा शब्द सापडला की मुलांना च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार वेगळे शिकवावे लागत नाहीत.

अक्षरांशी खेळण्याची ही हौस जुनी आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'तला शूद्रक राजा अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक खेळून वेळ घालवतो. त्यात अक्षर किंवा मात्रा गाळली की अर्थ पालटतो. धर्मदासाच्या 'विदग्धमुखमंडन'चा तर विषयच अशी कोडी. इंग्रजी शब्दकोडं आलं फार नंतर; आर्थर विन याचं पहिलं कोडं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात 21 डिसेंबर 1913 रोजी छापून आलं. आणि केनवडच्या जिल्ह्याचं ठिकाण असलेलं वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच नगरात लागतं. शब्दांच्या सोयरिकीचा मान या मातीला असा हजारएक वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

स्वतः कोडं रचायचं तर आधी तिसरा शब्द निवडा. त्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जोडून बघा. त्यांना अर्थ असला आणि मधल्यालाही असला, तर कोडं साधलं. सुरुवातीला ही तीन सोडवा; शेवटची दोन मुलांच्या एकेका अक्षराच्या खेळातली आहेत :

1. दारूच्या दुकानात 'निघ इथून' अशी आज्ञा शिरली, आणि आठवड्याला गर्दी जमू लागली.
2. डोंगरात कोरलेल्या कामात 'ख' गेला, आणि ते हाती धरून लिहिता आलं.
3. विहिरीतून शेंदतात त्यात 'प' पडला, आणि ते डोळ्यावर येऊन मिटलं.

उत्तरं : बाजार, लेखणी, पापणी.