घोटीच्या पावसात कामाची खोली

नाशिकपासून सुमारे 35 किलोमीटरवरचे घोटी भाताच्या गिरण्यांसाठी ओळखले जाते. गिरणी शेताजवळ असण्यामागे साधा हिशेब आहे: भात भरडला की वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा तूस म्हणून निघतो, मग तो लांब वाहून न्यायचा कशाला? संगणकावरच्या कामाला तर वजनच नाही. तरीही ते करणारा माणूस रोज नाशिक-मुंबईला जातो.

अमेरिकी अभियंते जॅक नाइल्स यांनी 1973 पासून माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाजवळ आणण्यावर अभ्यास केला. त्यांचा भर घरापेक्षा वस्तीजवळच्या छोट्या कार्यालयांवर होता, आणि घोटीसारख्या गावाला तीच वाट अधिक योग्य आहे. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई जवळ आली. पण केवळ रस्त्याने धावपळ कमी होत नाही. प्रवास वेगवान झाला की माणसे आणखी लांबचे काम पत्करतात. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यास काय होते, हे चीनमधील एका कंपनीच्या 1612 कर्मचाऱ्यांवर तपासले गेले. ‘नेचर’मध्ये 2024 साली आलेल्या निष्कर्षांनुसार कामाचा दर्जा घसरला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले.

पण गावात असे छोटे कार्यालय करायचे, तर खरी परीक्षा खोलीची आहे. घोटीच्या इगतपुरी तालुक्यातल्या मुसळधार पावसात पातळ पत्रा थेंबागणिक थरथरतो आणि फोनवरचे बोलणे ऐकू येत नाही. पत्र्याखाली पोकळी सोडून रॉकवूलचा थर आणि छत घातले, तर आवाज बराच दबतो. मग झड आत येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या जातात आणि दुसरी अडचण सुरू होते. बसून काम करणारा माणूस तासाला सुमारे 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 42 घनमीटरच्या पूर्ण बंद खोलीत चौघे बसले, तर बाहेर दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असलेला हा वायू आत तासाभरात दोन हजारांवर जातो. डोके जड होते, जांभया येतात. छज्ज्याखालची उंच झडप आणि समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा, एवढी सोय बांधतानाच करायला हवी.

वीज गेली तर लागणाऱ्या बॅटरीचे गणित त्यामानाने सोपे आहे. 150 अँपिअर-तासांच्या 12 व्होल्ट बॅटरीत 1800 वॉट-तास ऊर्जा मावते. तिच्यातली दोन तृतीयांश वापरली, तरी चार लॅपटॉप, राउटर, दिवे आणि पंखा मिळून 300 वॉटचा भार चार तास चालतो.