हाताला बसलेला करंट

पहाटेचे साडेपाच. कोल्हापुरातल्या एका तालमीत हौदाची माती नुकतीच उकरून झाली आहे, तिच्यातल्या तेलाचा आणि ताकाचा वास वर येतो आहे. जोर-बैठका उरकून दोन पठ्ठे भिडतात. एकजण पट काढायला आत शिरतो. त्याचा उजवा खांदा मातीवर आपटतो आणि डोकं समोरच्याच्या मांडीला अडून डावीकडे वाकतं. पोरगं उठतं ते डाव्या हाताने उजवा हात सावरत.

"काय झालं रं?" वस्ताद विचारतात.

"करंट बसला. बोटापतोर हात पेटलाय."

"शीर आखडली," काठावरून कोणीतरी म्हणतं. तालमीतलं हे नेहमीचं निदान. पण ही शीर नव्हे. मानेच्या मणक्यांमधून निघालेली मज्जातंतूंची पाच मुळं गोफासारखी गुंफत हासळीच्या हाडाखालून हातात उतरतात. मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला गेला की हा गोफ ताणला जातो. मान मागे आणि दुखऱ्या बाजूलाच दाबली गेली, तर मुळं हाडांच्या फटीत चेपतात. रग्बी आणि अमेरिकन फुटबॉलवाले याला 'स्टिंगर' म्हणतात, म्हणजे डंख.

मान कडकन मोडायला एकजण पुढे सरसावतो. वस्ताद त्याला हातानेच थोपवतात. ते पोराला मान चारी बाजूंना सावकाश फिरवायला लावतात. मग दोन्ही हात बाजूला, खांद्याच्या रेषेत उचलायला सांगून दंडांवर आपले पंजे ठेवून खाली दाबतात. डावा हात हलत नाही. उजवा हळूहळू खाली येतो.

पाच मिनिटांत आग विझते. पोरगं लंगोट सारखा करत म्हणतं, "झालं, उतरू?" पुन्हा पंजे, पुन्हा दाब. उजवा हात पुन्हा खाली येतो.

"आग गेली, पण ताकद कुठाय? बस."

सगळी मेख इथे आहे. बहुतेक वेळा हा डंख काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरतो, म्हणून तो कोणी मनावर घेत नाही. पण दुखणं थांबलं म्हणजे तंतू सावरला असं नाही. दुबळ्या खांद्याने पुन्हा डाव टाकला की तोच तंतू पुन्हा ताणला जातो. तो तुटलाच, तर पुन्हा वाढताना दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतो. खांद्यापासून पंजापर्यंतचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मान विनासायास फिरत नाही आणि दोन्ही हातांची ताकद सारखी होत नाही, तोवर आखाड्यात उतरायचं नाही. दुबळेपणा टिकला किंवा डंख पुन्हा बसला, तर डॉक्टर गाठायचा. दोन्ही हातांना मुंग्या आल्या, पाय बधिर झाले किंवा मानेच्या हाडातच कळ आली, तर तो डंख नव्हे. इजा मज्जारज्जूला असू शकते. अशा वेळी पोराला उठवू नका, मान धरून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. आणि काहीही झालं, तरी मान मोडू नका.