पोंग्यातली अळी आणि फवारणीची घाई

राजूर परिसरात, अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भाताची आवणी (लावणी) उरकली की पंधरा-वीस दिवसांत काही खाचरांत पानांच्या कडा पांढुरक्या दिसतात, कुठे पान कडेला कुरतडल्यासारखे फाटलेले असते. हे हायड्रेलिया वंशातल्या, जेमतेम 2 मिलिमीटर लांबीच्या करड्या माशीचे काम असू शकते. असे पान दिसताच फवारणी करणे म्हणजे चोर निघून गेल्यावर कुलूप लावणे. माशी पाणी साचलेल्या खाचरात पानावर सुटी अंडी घालते. त्यातून निघालेली बिनपायांची, फिकट अळी न उलगडलेल्या पोंग्यात शिरते आणि कोवळ्या पानाची आतली कड खाते. डोके म्हणावे असे तिला काही नाही, तोंडाशी काळे आकडे तेवढे. म्हणजे कुरतडणे होते पान गुंडाळलेले असताना आणि आपल्याला दिसते ते उलगडल्यावर. तोवर अळी बहुधा कोषात गेलेली असते. अंड्यापासून माशीपर्यंतचा सारा प्रवास सुमारे 4 आठवड्यांचा.

हिचीच एक बहीण, हायड्रेलिया पाकिस्तानी, हायड्रिला या पाणवनस्पतीचे पान आतून पोखरते. पाण्याखाली ती गुदमरत नाही, कारण कोषाच्या मागच्या टोकाला दोन काटे असतात. ते खोडात रुतवून ती वनस्पतीतली हवा घेते. पूर्ण वाढलेली माशी हवेच्या बुडबुड्यातून वर येते. तलाव गिळणाऱ्या हायड्रिलाला आवरण्यासाठी अमेरिकेने ही माशी भारतातून नेऊन 1987 मध्ये फ्लोरिडात सोडली.

मग जी माशी तण संपवायला नेली, तिची जातभाई भाताला निरुपद्रवी कशी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण फ्लोरिडातही तिने हायड्रिला संपवली नाही. परिणाम बेताचाच राहिला. आणि भात काही एका पानावर जगत नाही. तो फुटवे काढतो, नवी पाने येतात, आणि भरपूर फुटव्यांच्या काळापर्यंत खुणा बहुतेक पुसल्या जातात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थाही या अळीसाठी कीटकनाशकाची गरज नाही असे सांगते. उलट लवकर केलेल्या फवारणीने कोळी आणि अंड्यांवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या मरतात, आणि पुढे तपकिरी तुडतुड्यांना मोकळे रान मिळते. काळजीच वाटत असेल तर लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात अधूनमधून बांध फोडून खाचरातले पाणी उतरवा. साचलेले पाणी नसले की माशी अंडी घालायला फारशी फिरकत नाही.