लाईट जायच्या आत मिशन

दहिवडीत एसटी स्टँडपासून जवळच एमएस-सीआयटीचं एक सेंटर होतं. एमकेसीएलनं हा कोर्स 2001 मध्ये सुरू केला आणि माण तालुक्यातल्या माझ्या वयाच्या कितीतरी पोरांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो अशाच एखाद्या सेंटरमध्ये. दिवसा वर्ड आणि एक्सेल. संध्याकाळची बॅच सुटली की सर तासाला दहा रुपये घेऊन मशीन खेळायला देत. कोपऱ्यातल्या मशीनवर 'आयजीआय' हा गेम होता. खुर्चीत एक जण बसायचा, मागं आम्ही पाच जण उभे.

'प्रोजेक्ट आय.जी.आय.' डिसेंबर 2000 मध्ये आला. बनवला नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओनं, बाजारात आणला आयडॉसनं. नावाचा अर्थ 'मी आत शिरतोय', आणि गेमही तेवढाच. डेव्हिड जोन्स हा माजी ब्रिटिश कमांडो हेरगिरीच्या कामावर एकटा शत्रूच्या तळात घुसतो आणि 14 मिशन पार करत चोरलेल्या अणुबॉम्बपर्यंत पोचतो. ॲन्या नावाची बाई त्याला सूचना देत राहते. तिचं इंग्रजी आम्हाला निम्मंशिम्मं कळायचं, पण नकाशा पुरेसा होता.

त्या काळचे बहुतेक शूटिंग गेम बोळांत आणि खोल्यांत चालायचे. दार उघडलं की समोर शत्रू. आयजीआयमध्ये उघडा माळ होता. इनरलूपनं आधी लढाऊ विमानाचा गेम केला होता आणि त्याचंच तंत्र इथं वापरलं. विमानासाठी उभा केलेला एवढा मोठा मुलूख आता पायी तुडवायला मिळाला. टेकडीवर दबा धरून बसायचं, दुर्बीण लावायची, टॉवरवर किती जण, गस्तवाला कुठून वळतो, कॅमेरा कुणीकडं फिरतो हे नीट बघायचं आणि मगच उतरायचं. शंभू महादेवाच्या डोंगररांगेखाली, झाडोरा नसलेल्या माळावर वाढलेल्या पोरांना हे शिकवावं लागलं नाही. आमच्यातला एक जण मेंढरांमागं जाणारा. कुणी घाई केली की तो म्हणायचा, "आरं, आधी बघ की. खाली काय हाय ते बघितल्याबिगर उतरतोस कसा?" त्याच्याइतकी मिशनं कुणीच पुरी केली नाहीत.

कॅमेऱ्यानं टिपलं की अलार्म. मग बराकीतून सैनिक निघत ते थांबायचं नावच घेत नसत. एका बराकीत इतकी माणसं मावतील कशी, हा प्रश्न आम्हाला तेव्हाही पडायचा. गेममध्ये अशा उणिवा होत्या, आणि त्या मी नाकारणार नाही. पण खरी कसोटी दुसरीच होती. मिशनच्या मध्यात गेम सेव्ह करता येत नसे. पाऊण तास लपतछपत जावं आणि शेवटच्या दाराशी गोळी लागावी, की पुन्हा पहिल्यापासून.

माणमध्ये त्यात भारनियमनाची भर. 2005 नंतरच्या त्या वर्षांत ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसायची. वेळापत्रक बदलत राहायचं, आणि आम्ही मिशन निवडायचो ते त्याच्या हिशेबानं. अर्धा तास असेल तर लांबलचक तळाला हात लावायचा नाही.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. कॅमेरे बंद झालेले, कागदपत्रं हातात, बाहेर पडायचं तेवढं राहिलेलं. लाईट गेली. यूपीएस टीं टीं करू लागला. त्याची बॅटरी जुनी, दोन मिनिटांच्या वर तग धरत नसे. "पळ, पळ!" सगळे एकदम. जोन्स कुंपणाच्या दिशेनं धावत सुटला, आणि कुंपण दिसायला लागलं तोच पडदा आक्रसून मधोमध पांढरा ठिपका उरला. मग तोही गेला. सरांनी मेणबत्ती लावली आणि त्या दिवशीचे पैसे घेतले नाहीत. आम्ही पायरीवर बसलो. मेंढरांमागं जाणाऱ्यानं वहीचं मागचं पान काढून मेणबत्तीच्या उजेडात पूर्ण तळ काढला: टॉवर, बराक, कॅमेरा, तारेचं कुंपण. दुसऱ्या दिवशी तेच पान कीबोर्डला टेकवून मिशन अकरा मिनिटांत पुरं केलं.

2003 मध्ये दुसरा भाग आला, 'कोव्हर्ट स्ट्राइक'. त्यात मोजक्याच वेळा का होईना, पण मध्ये सेव्ह करता यायचं. त्याच वर्षी इनरलूप बंद पडला. दुसरा भाग दिसायला देखणा, सोयीचाही, पण माझ्या मनात बसला तो पहिलाच.

गेल्या दिवाळीत गावी भाच्याला लॅपटॉपवर कसाबसा चालवून दिला. पहिलं वाक्य, "मामा, सेव्ह कुठंय?" नाही म्हटल्यावर जरा हिरमुसला. तीनदा मेला. चौथ्यांदा मात्र टेकडीवर दबा धरून बसला आणि दुर्बीण लावून कितीतरी वेळ हलला नाही. गस्तवाला दोनदा येऊन गेला तरी हा तिथंच. तेवढ्यात घरातली लाईट गेली आणि माझ्या तोंडून निघालं, "पळ, पळ!"

तो दचकला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. पडद्याच्या उजेडात माझ्याकडं बघून म्हणाला, "थांब की मामा, कॅमेरा वळू दे."