भुंगे बहात्तर, अडकलेला एक

वृत्तात बसली तर कविता, नाही बसली तर तुकडे पाडलेले गद्य, असा निकाल आपल्याकडे अजूनही चहाच्या घोटासरशी दिला जातो. छंदाचा हा पुरावा मुळातच कच्चा आहे. अमरकोश अनुष्टुभात आहे, पण त्याला कोणी काव्य म्हणत नाही. पाठांतर सोपे जावे म्हणून वैद्यक, ज्योतिष, गणित असे बरेच काही श्लोकांत बांधले जाई. भास्कराचार्यांची ११५० सालची ‘लीलावती’ त्यातलीच. तिच्यातल्या एका उदाहरणापाशी मात्र थबकावे लागते. भुंग्यांच्या थव्यातल्या निम्म्यांचे वर्गमूळ मालतीकडे उडाले, थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच. मागे राहिला एक भुंगा. सुगंधाच्या लोभाने गेला आणि रात्री मिटलेल्या कमळात अडकून गुणगुणत बसला. बाहेरून त्याला साद देणारी त्याची भुंगी. तर सखे, सांग, भुंगे किती? उत्तर ७२ : वर्गमूळाचे सहा, आठ-नवमांशाचे चौसष्ट आणि हे दोघे. बीजगणिताच्या चिन्हांत हे गणित एका ओळीत मावते, उत्तरही तेच येते. जाते ती रात्र आणि ती साद. गणिताला त्यांची गरजच नव्हती.

अस्सल कवितेची कसोटी मला इथेच सापडते. मजकूर दुसऱ्या शब्दांत सांगितला तर काय उरते आणि काय जाते, ते पाहावे. वृत्ताचा इथे उपयोग नाही. बा. सी. मर्ढेकरांची पिंपातल्या मेलेल्या उंदरांवरची कविता चक्क जुन्या मात्रावृत्तात आहे. तरीही ही कसली कविता, म्हणून नाके मुरडली गेलीच. म्हणजे खरी अडचण वृत्ताची नव्हती, उंदरांची होती. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ साली आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. त्यातले वेश्यावस्तीचे शब्द काढून शिष्ट शब्द घातले, तर तिथे भूक आहे, दारिद्र्य आहे, शरीराचा बाजार आहे एवढी बातमी हाती लागेल. ती तर वर्तमानपत्रातही मिळत होती.

यावर कोणी म्हणेल, विनोदही दुसऱ्या शब्दांत सांगितला की मरतो; मग तोही कविता का? आक्षेप रास्त आहे. या कसोटीला उतरणारे सगळेच काव्य नसते. पण विनोद एकदा कळला की त्याचे काम संपते. कविता कळल्यानंतरही आपण तिच्याकडे परततो. याहून अवघड आक्षेप जात्यावरच्या ओवीचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तीच ओवी एका गावात एक, दुसऱ्या गावात दुसरी. भावाचे नाव बदलते, माहेर बदलते, कधी अर्धी ओळच नवी येते. शब्द असे बदलत असतील तर ‘नेमके शब्द’ कुठे राहिले? पण दळणारी बाई ओवीचा अर्थ समजावत नसे. खुंट्यावर हात ठेवून, जात्याच्या तोंडात घास टाकत, ती एका ओवीच्या जागी दुसरी ओवी घाली. जात्याच्या फेऱ्याला न जुळणारा शब्द तिथे टिकतच नसे. ही निवड कुठल्याही संपादकापेक्षा कडक होती.

हीच कसोटी मुक्तछंदालाही लावायला हवी. आज छापून येणाऱ्या कितीतरी कवितांच्या ओळी सलग जोडून परिच्छेद केला, तर काहीही बिघडत नाही. तेवढ्यापुरते छंदवाल्यांचे म्हणणे खरे आहे.