एक ‘सर्ज’, अनेक अर्थ

लॅटिनमध्ये ‘सुर्गेरे’ म्हणजे वर उठणे. त्यावरून आलेला ‘सर्ज’ हा इंग्रजी शब्द विज्ञानात ठिकठिकाणी भेटतो. पण मराठीत त्याला सर्वत्र एकच प्रतिशब्द चालत नाही.

नाशिकला गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले की कमरेपर्यंत, यावरून पुराचा अंदाज घेतात. गंगापूर धरणातून विसर्ग एकदम वाढला की येतो तो ‘लोंढा’. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पात टर्बाइनकडे जाणारे पाणी एकाएकी रोखले, तर बोगद्यातील वाहते पाणी ‘सर्ज’ विहिरीत वर चढते आणि दाब आवरला जातो, हा ‘उल्लोळ’. वीज पडल्यावर तारांतील व्होल्टता काही मायक्रोसेकंद वाढते, ती ‘उसळी’. झिंक ऑक्साइडचे संरक्षक साधन तेवढ्यापुरते वाहक बनून ती जमिनीत सोडते.

चक्रीवादळातील ‘स्टॉर्म सर्ज’ला मात्र ‘लाट’ म्हणणे घातक आहे. लाट येते नि ओसरते. येथे वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो, शिवाय हवेचा दाब १ मिलिबारने घटला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर चढते. समुद्राची पातळीच कित्येक तास उंचावलेली राहते. १९९९ साली ओडिशात हजारो माणसे दगावली, त्यांतील बहुतेक या पाण्यामुळे. ‘लाट ओसरेल’ म्हणून थांबणारा फसतो. आम्हाला येथे ‘वादळी उधाण’ अधिक योग्य वाटते.

प्रतिशब्द निवडण्यापूर्वी वर्गात तीन प्रश्न विचारावेत : काय चढले, कशामुळे आणि किती वेळ?