जुना चिपर घेताना आधी ड्रम पाहा

जुना चिपर बघायला गेलेला माणूस बहुधा इंजिनापाशीच थांबतो. धूर किती, सेल्फ लगेच लागतो का, मीटरवर तास किती. पण इंजिन उतरवून दुरुस्त करता येतं, नाहीतर बदलताही येतं. ड्रमवाल्या चिपरचं उरलेलं आयुष्य त्या फिरणाऱ्या पोलादी ड्रमवर आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर ठरतं.

हिशेबच करून बघा. 300 किलो वजनाचा, अर्धा मीटर व्यासाचा भरीव ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर त्यात सुमारे 1 लाख 15 हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. तोच ड्रम तेराव्या मजल्यावर चढवायला साधारण एवढीच ऊर्जा लागेल. जाड फांदी आत शिरली की पहिला घाव या साठ्याच्या बळावर पडतो. इंजिन बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो तो याचमुळे. तो पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावू नका, आणि तपासणी चालू असताना किल्ली आपल्याच खिशात असू द्या.

याच वेगात, परिघावरच्या दोन किलोच्या पात्याला जागेवर धरून ठेवायला बोल्टांना सव्वा टन वजनाइतका जोर लावावा लागतो. समोरासमोरच्या दोन पात्यांपैकी एकच घासून घासून 50 ग्रॅमनं हलकं झालं असेल, तर बेअरिंगला सुमारे 31 किलो वजनाइतका हिसका बसतो, आणि तोही सेकंदाला 25 वेळा! म्हणून पाती उतरवून मागा आणि जोडीजोडीनं वजन करा. उतरवायलाच नकार मिळाला, तर मी तरी तो सौदा पुढे नेणार नाही.

पाती निघाली की त्यांच्या बैठका उघड्या पडतात. डिझेलच्या फडक्यानं त्या पुसून घ्या. बोल्टाचं भोक लांबट झालंय का, कोपऱ्यात बारीक रेघ दिसते का, नंतर कुणी वेल्डिंग भरलंय का, हे बॅटरीच्या उजेडात नीट बघा. रेघ नुसता ओरखडा आहे की तडा, याचा निकाल डाय पेनिट्रंट चाचणीत लागतो. लाल द्रव लावून पुसतात, वर पांढरी पावडर फवारतात. तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग पावडरीवर उमटतो. तडा निघाला तर यंत्र कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

आता पट्टा सैल करून ड्रम हातानं सावकाश फिरवा. खरखर जाणवली किंवा ड्रम मध्येच अडखळला, तर बेअरिंगच्या आतल्या पृष्ठभागाला खड्डे पडलेत. पहारीनं ड्रम किंचित उचलून बघा, खेळ लगेच कळतो. बेअरिंग बदलता येतात, त्यांचा खर्च किमतीतून वजा करा.

शेवटी पाती पुन्हा बसवून घ्या आणि मनगटाएवढी ओली सुबाभळीची फांदी घालून बघा. धारदार पातं तंतू कापतं, त्यामुळे तुकड्यांच्या कडा स्वच्छ येतात. बोथट पातं तंतू चिरडतं, मग भुगा आणि लोंबते धागे वाढतात. त्यानं घाबरायचं कारण नाही, धार लावता येते. ड्रम थांबल्यावर पातं आणि समोरची स्थिर पट्टी यांतली फट फिलर गेजनं दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. कंपनीनं सांगितल्यापेक्षा ती सगळीकडे सारखीच जास्त असेल, तर पट्टी सरकवून भागतं. एकाच टोकाला जास्त भरली, तर त्या बाजूचं बेअरिंग पुन्हा एकदा तपासा.